गुंजनने ओळखलेला काळोख

गुरुवार, ९ ऑक्टोबर २०२५. पाणी सकाळी साडेसहाला आले, पाऊण तास होते. टीव्हीची डावी बाजू परवापासून हिरवी होती, आज पूर्णच गेला. दुपारी बाजारात जाऊन दोन टीव्ही पाहिले. दोन्ही त्रेचाळीस इंची. एक साधा, दुसरा त्याच्या तिप्पट किमतीचा. विकणारी मुलगी गुंजन, दरेकशाची. मी महागाकडे बोट दाखवले तर म्हणाली, "आजी, हा नका घेऊ." कारण विचारायच्या आत शेठने तिला हाक मारली. उद्या पुन्हा जाणे.

एवढं लिहून सुशीलाबाईंनी पेनाला टोपण लावलं. शहात्तर वर्षांच्या आयुष्यात त्यांनी दुकानदार काय कमी पाहिले होते? गोड बोलणारे, गळ्यात मारणारे, "तुमच्यासाठी म्हणून" सांगणारे. पण "नका घेऊ" म्हणणारी विक्रेती त्यांना पहिल्यांदाच भेटली होती. कॉन्व्हेंटमध्ये सहावीत असताना सिस्टरांनी रोज दहा ओळी लिहायची सवय लावली होती. जे पाहिलं ते लिहायचं, जे वाटलं ते पुढच्या ओळीत वेगळं लिहायचं. रेल्वेतले यजमान जाऊन अकरा वर्षं झाली, मुलगा रायपूरला स्थिरावला, पण ती सवय काही गेली नाही. म्हणून दुसऱ्या दिवशी एकच्या सुमारास त्या वही घेऊनच दुकानात शिरल्या.

गोंदियाच्या बाजारातलं ते दुकान दोन मजली. खाली कूलर, मिक्सर, पंखे आणि साधे टीव्ही, त्यांच्यात नमुन्याला एखादा महागडा. वर गालिचा, एसी आणि उंची टीव्ही. जिन्याच्या पहिल्या पायरीवर उमेंद्र उभा असायचा, शेठचा सख्खा भाचा. इस्त्रीचा शर्ट, चकाकते बूट.

"आइए आंटी, ऊपर आइए. नीचे तो बस ऐसेच माल है."

"मला खालच्याच मुलीशी बोलायचं आहे," सुशीलाबाई म्हणाल्या.

गुंजन तेव्हा टीव्हींच्या भिंतीसमोर उभी राहून डबा खात होती. एका हातात चपातीचा घास, दुसऱ्या हातात रिमोट. जेवणाची सुट्टी ती अशीच घालवायची. प्रत्येक टीव्हीच्या सेटिंगमध्ये शिरायची, एक एक गोष्ट बदलून पाहायची आणि पुन्हा जागेवर ठेवायची. कोणी शिकवलं नव्हतं. गणपतीत दुकानात लागली तेव्हा तिला टीव्ही पुसायचं काम दिलं होतं. पुसता पुसता महिनाभरात ती टीव्ही वाचायला शिकली.

"काल काऊन नाही म्हणालीस ते सांग," सुशीलाबाई खुर्चीवर बसत म्हणाल्या.

गुंजनने घाईने हात धुतले. "आजी, आधी मले सांगा, तुमची खुर्ची कुठं राहते? टीव्हीच्या समोर का बाजूले?"

"अगदी समोर."

"आनि खिडकी?"

"खुर्चीच्या मागे. दुपारी चांगलं ऊन येतं."

"पाहता कधी?"

"दुपारी दोन ते चार. संध्याकाळी बातम्या."

"मग झालं ना! हा महागाचा आरशावानी चकाकते. दुपारी तुमाले बातम्या कमी आनि तुमचीच खिडकी जास्त दिसन. समोरून पाहनाऱ्याले, उजेडात, साधा टीव्ही पुरते. बाजूले या, दाखवतो." विदर्भातल्या मुली बोलतात तसं ती कधी "दाखवते" म्हणायची, कधी "दाखवतो". तिने सुशीलाबाईंना हाताला धरून भिंतीच्या टोकाशी नेलं. तिथून साध्या टीव्हीतला निवेदक पीठ लावल्यासारखा भुरकट दिसत होता. महागातला होता तसाच.

"आणि हे आकाश बघ," सुशीलाबाई पुढे होऊन म्हणाल्या. "साध्यात निळ्याचे पट्टे पडलेत. लुगड्याच्या काठासारखे."

गुंजन चमकली. "तुमाले दिसले? गिऱ्हाइकाले दिसत नाही ते!"

त्या दिवशी वहीत दीड पान भरलं. शनिवारी आणखी एक. सोमवारी सुशीलाबाईंनी येताना चकल्या आणल्या, आणि त्या खाता खाता गुंजनच्या तोंडून तिची सगळी हकिकत निघाली. घर दरेकशाला, स्टेशनपासून कोसभर आत. वडील मनिराम, दोन एकर धान, बाकीचे महिने जंगलातली मजुरी. पोरगी सालेकशाला कॉलेज करून बी.ए. झाली. आता रोज सकाळच्या गाडीने गोंदियाला येते, संध्याकाळच्या गाडीने परत जाते. पण दुकानात ती होती फक्त गणपती ते दिवाळी. दिवाळीनंतर शेठ एकालाच कायम ठेवणार होते, वरच्या मजल्यासाठी. आणि तो एक कोण, हे जिन्याच्या पहिल्या पायरीवर उभंच होतं.

"घरी गेली का कापनी, आनि कापनी झाली का पाहुने," गुंजन म्हणाली. "दोन जागा पाहून ठेवल्या आहेत मायनं. मले इथंच राहायचं आहे, आजी. हे काम मले येते. पहिल्यांदाच असं काही सापडलं जे मले दुसऱ्यापेक्षा चांगलं येते."

घरी येऊन सुशीलाबाईंनी तेवढंच वाक्य शब्द न बदलता लिहून ठेवलं.

मंगळवारी त्या टीव्ही पक्का करायलाच गेल्या होत्या. दुकानात पाय ठेवला तर वातावरण तापलेलं. मधोमध एक धिप्पाड गृहस्थ उभे होते, धोतर, वर जाकीट, पायात नवे स्पोर्ट शूज. तिरोड्याचे यादोराव, धानाचे व्यापारी. बोदलकशाच्या तलावाकाठी त्यांची वडिलोपार्जित जागा होती, तिथे पर्यटकांसाठी बारा खोल्यांचं निवास बांधून झालं होतं. बारा खोल्यांना बारा टीव्ही आणि जेवणाच्या मोठ्या हॉलमध्ये एक, असे तेरा टीव्ही घ्यायला ते आले होते. एवढं मोठं गिऱ्हाईक म्हणून इंद्रकुमारशेठ गल्ल्यावरून उठून स्वतः समोर आले होते.

उमेंद्रने वरच्या मजल्यावर मोराचा व्हिडिओ लावून दाखवला होता. पिसारा इतका झगझगीत की डोळे दिपावेत. "काका, तेराही हेच लावा. पाहुणे खूश!"

यादोराव खाली उतरताना सहज गुंजनला म्हणाले होते, "का वो पोरी, बरोबर ना?"

आणि गुंजनने खरं सांगून टाकलं होतं. "खोल्यांमध्ये नका लावू जी. पाहुने दिवसभर जंगलात फिरनार, थकून येनार, पलंगावरून समोरून पाहनार. तिथं साधा पुरते. हॉलमध्ये मात्र चांगलाच लावा. तिथं पन्नास जन वाकडेतिकडे बसनार, दिवे कमी राहनार."

आता यादोराव कमरेवर हात ठेवून शेठकडे पाहत होते. "दुकान एक, तोंडं दोन! कोनावर विश्वास ठेवू मी? मोर तर सगळ्याच टीव्हीत गोड दिसते. मी नागपूरलेच जातो."

शेठचा चेहरा उतरला, आणि राग नेहमी उताराकडेच वाहतो. "गुंजन, तेरे को किसने बोला था बीच में पड़ने को? कल से मत आना. हिसाब ले जा."

गुंजनने रिमोट काउंटरवर ठेवला. तिचे ओठ घट्ट मिटले होते, पण मान खाली गेली नव्हती.

सुशीलाबाईंनी वही मिटली. "यादोरावजी," त्या म्हणाल्या, "तुमच्या हॉलमध्ये पाहुणे काय मोर बघणार आहेत?"

"नाही वो बाई. दिवसभर काढलेले व्हिडिओ बघतीन. जंगलाचे."

"मग तेच लावून बघा ना. आहे का एखादा जवळ?"

यादोरावांनी जाकिटाच्या खिशातून पेनड्राइव्ह काढला. "माझ्या पुतण्यानं काढला आहे. नवा कॅमेरा घेतला त्यानं. आमच्याच जागेतून तलावाचा काठ, दिवस बुडताना. तसं त्यात काही नाही, झाडं आनि पानी. मी घरी वीसदा पाहिलो असन."

"तीन टीव्हींवर लावा," सुशीलाबाई म्हणाल्या. "एक साधा, एक मधला, एक वरचा. आकार एकच. आणि मांडणी या मुलीला करू द्या. शेठजी, हिला घालवायचंच असेल तर अर्ध्या तासाने घालवा."

"माताजी..." शेठ म्हणाले.

"लावा जी, लावा," यादोराव खुर्ची ओढून बसले. "माझी गाडी काही पळून नाही जाऊन राहिली."

गुंजनने तीन टीव्ही एका लांब टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. मग तिन्हींच्या सेटिंगमध्ये शिरली. दुकानात टीव्ही भडक ठेवलेले असतात. उठून दिसावेत म्हणून रंग चढवलेले, उजेड ताणलेला. तिने तिन्ही टीव्ही साध्यावर आणले. चित्र एकदम फिकं, पिवळसर झालं.

"अरे, ये तो मर गया!" शेठ ओरडले.

"मेला नाही शेठजी, मेकअप उतरला त्याचा," गुंजन म्हणाली. "आता शटर अर्धं खाली घ्या. हॉलमध्ये राहन तेवढाच उजेड पाहिजे."

शटर खडखडत खाली आलं. दुकानात संध्याकाळ झाली. व्हिडिओ सुरू झाला.

साध्या टीव्हीत तलावाचं पाणी होतं, वर तांबूस पट्ट्यांचं आकाश, आणि काठावर राखाडी धुरकट गोळा. त्यात झाडं कुठली आणि जमीन कुठली, काही कळेना. मधल्यात झाडाचे बुंधे वेगळे दिसले. वरच्यात मात्र काळोखाच्या आत आणखी काळोख होता. बुंध्यामागे बुंधा, गवताची पाती, एक वाकलेलं जांभळीचं झाड.

"असं काऊन?" यादोराव पुढे झुकले.

"साध्या टीव्हीत पडद्यामागं दिवा असते जी, आनि तो बंद होतच नाही. घरातला दिवा न विझवता परदा ओढला तर घर कारं, अंधारं होते का? उजेड फटीतून येतेच. या वरच्यात एकेक ठिपका आपला आपला विझते. म्हनून त्याचं कारं ते खरंच कारं."

"बरं, झालं. कारं दिसलं," उमेंद्र म्हणाला. "पण पाहायचं काय आहे त्यात? एक दगड?"

जांभळीखाली एक काळा ढिगारा दिसत होता. फक्त वरच्याच टीव्हीत. मधल्यात तिथे नुसता डाग होता, साध्यात तेही नाही.

गुंजन दोन पावलं जवळ गेली. मान थोडी कलती केली. मग हळूच म्हणाली, "दगड नाही. अस्वल हाये."

उमेंद्र खो खो हसला. "मामाजी, सुना? भालू बिठाया इसने टीवी में!"

"माझ्या जागेत अस्वल?" यादोरावही हसले. "पोरी, पुतण्यानं तिथं बसून चहा घेतला आहे."

"बसलेलं आहे जी. पाठ आपल्याकडं आहे."

"आगे बढ़ा, आगे," शेठ अधीर झाले.

"नका सरकवू," गुंजन म्हणाली. "पाहत राहा. अस्वल हाये तर हलन. नाही हललं तर मी उद्या काय, आत्ताच जातो."

सुशीलाबाईंनी घड्याळ पाहिलं. एक मिनिट गेलं. पाण्यावरचा तांबूस रंग विरला. दोन मिनिटं. रस्त्यावरून एक ई-रिक्षा भोंगा वाजवत गेली. तिसऱ्या मिनिटाला उमेंद्रने जांभई दिली. खरंच दगड असला तर? सुशीलाबाईंच्या मनात येऊन गेलं, आणि त्यांनी ते झटकून टाकलं.

मग ढिगारा उठला.

आधी एक खांदा वर आला, मग डोकं. जांभळीच्या बुंध्याला अंग घासून अस्वल वळलं, आणि त्याच्या पाठीवरून दुसरा एक छोटा ढिगारा घसरता घसरता पुन्हा केस धरून बसला.

"पिल्लू!" यादोराव ताडकन उभे राहिले. खुर्ची मागे पडली. "पिल्लू आहे पाठीवर! अरे बाप्पा!"

माय-लेकरू सावलीतूनच चालत झुडपात शिरलं. एकदाही उजेडात आलं नाही. आता यादोरावांना धीर कुठला? त्यांनी तोच तुकडा पुन्हा लावायला सांगितला आणि साध्या टीव्हीसमोर नाक लावून बसले. तिथे काही नाही. राखाडी गोळा तसाच. मधल्यात डाग थोडा सरकला, पण तो वाऱ्याने हललेलं झुडूप वाटावं इतकाच. परत वरच्यात: खांदा, डोकं, पिल्लू.

"वीसदा पाहिलो!" ते कपाळावर हात मारत म्हणाले. "घरी वीसदा पाहिलो मी हे, झाडं आनि पानी म्हनून! पन तुले कसं कळलं वो? ते तर हललंही नव्हतं."

गुंजन आता पहिल्यांदा हसली. "आमच्याकडं मोहफुलं वेचाले पहाटेच जावं लागते जी. फाकलं नसते तेव्हा. फुलं आमाले पाहिजे, अस्वलालेही पाहिजे. मी आठ वर्षांची असल्यापासून बाबाच्या मागं जातो. बाबा सांगे, खुंटाची कड सुरीनं कापल्यावानी राहते. अस्वलाची कड झुबकेदार, आकाशात विरघळल्यावानी. झाडाखाली जायच्या आधी कड पाहा."

"आणि कधी चुकलीस?" सुशीलाबाईंनी विचारलं.

"मी नाही, माय चुकली. धुरपता नाव तिचं. एक दिवस पहाटे बाबाच्या पुढं गेली. झाडाखाली कोनी बसलेलं दिसलं, अंगावर घोंगडं. तिले वाटलं बाबा येऊन बसला. तिनं दुरूनच झापलं, 'बसले का जी आयतेच! मी एकटी वेचू का? उठा, टोपली धरा!' ते उठलं. आनि बाबाचा आवाज आला मागच्या झाडावरून, 'धुरपता, मी इकडं आहो!'"

दुकान हसण्याने भरून गेलं. यादोरावांचं पोट हलत होतं, शेठ डोळे पुसत होते. उमेंद्रही हसला, आणि हसता हसता जाऊन त्याने शटर वर केलं.

उजेड आत आला तेव्हा यादोराव व्यापारी झाले होते. "शेठ, लिहा. हॉलसाठी हा वरचा, याच्यातला सगळ्यात मोठा. खोल्यांसाठी बारा साधे, पोरगी म्हनते तसे. पन एक शर्त. लावाले हीच येईन, सेटिंग हीच करन. दुसऱ्या कोनी रिमोटले हात नाही लावायचा. आनि पुढच्या वर्षी मी आनखी सहा खोल्या काढून राहिलो. तेव्हा ही इथं नसन तर मी बी इथं नसन."

शेठनी एकदा यादोरावांकडे पाहिलं, एकदा सुशीलाबाईंच्या वहीकडे, आणि मग गुंजनकडे. चाळीस वर्षं दुकान चालवलेला माणूस. वारा कुठून येतो ते त्याला कळत होतं. "गुंजन बेटा, वो मैं गुस्से में बोल गया था. दिवाली के बाद भी आना है. ऊपर का माला तेरा."

सगळ्यांना वाटलं ती लगेच हो म्हणेल. तिने हात पुसले, रिमोट उचलला.

"वरचाच नाही शेठजी. दोन्ही मजले. खालचं गिऱ्हाईक वर पाठवायचं का वरचं खाली, ते मीच ठरवीन. नाही तर पुन्हा दोन तोंडं होतीन."

"और उमेंद्र?"

"उमेंद्रभाऊ बोलते छान. गिऱ्हाईक दारातून आत आनायचं काम त्याच्यासारखं मले नाही येत. तो आनीन, मी दाखवीन." मग उमेंद्रकडे वळून म्हणाली, "फक्त तो मोर काढ बाप्पा. महिना झाला, डोरे दुखून राहिले माझे."

उमेंद्रने निमूटपणे वर जाऊन मोराचा पेनड्राइव्ह काढून आणला आणि तिच्या हातावर ठेवला. "घे. उडवला तुझा मोर."

"भाऊ, तुले चकली देतो," ती म्हणाली, आणि सुशीलाबाईंच्या कालच्या डब्यातली शेवटची चकली त्याला दिली.

यादोरावांची गाडी गेल्यावर गुंजनने घरी फोन लावला. सुशीलाबाई बिलावर सही करत होत्या, पण फोन मोठ्याने होता, आणि पलीकडचं ऐकू येत होतं.

"बाबा, मी कायम झालो."

"काय झाली?"

"कायम! दुकानात. दोन्ही मजल्यांची."

मनिरामांचा आवाज आला, दूर तोंड करून कोणाला तरी सांगणारा. "धुरपता, पाहुन्यायले म्हना नोका येऊ म्हनून! पोरगी कामाची झाली!" आणि लगेच एका बाईचा आवाज, "मले द्या फोन, मले द्या!"

गुंजन फोन कानाला लावून दुकानाबाहेर पायरीवर गेली. भर बाजारात, दिवाळीच्या गर्दीत, आकाशकंदिलांच्या माळांखाली उभी राहून ती मोठमोठ्याने बोलत होती, हात हलवत होती, आणि येणारे जाणारे वळून पाहत होते. सुशीलाबाईंना आठवेना की आपण शेवटचं कोणाला इतकं सरळ उभं राहिलेलं कधी पाहिलं.

त्यांनी साधाच टीव्ही घेतला. गुंजनने सांगितलं होतं म्हणून नव्हे. वहीतली साडेतीन पानं त्यांनी स्वतः पुन्हा वाचली होती, आणि खुर्ची, खिडकी, दुपारचं ऊन, सगळं तेच सांगत होतं. मात्र सेटिंग करायला बुधवारी गुंजनच येणार, हे त्यांनी शेठकडून बिलावर लिहून घेतलं.

संध्याकाळी घरी आल्यावर त्यांनी दिवा लावला, स्वयंपाक केला, जेवल्या, आणि मग वही उघडली. आज दहा ओळींत मावेना, पान उलटावं लागलं. अस्वल उठलं ती वेळ त्यांनी मिनिटासह लिहिली, बारा वाजून सत्तावीस. पुढच्या ओळीत, वाटलं ते: फार आनंद झाला. मग नेहमीप्रमाणे शेवटी लिहिलं: रात्रीला भात आणि लाखोरीची डाळ, भात वाटीभर उरला, झाकून ठेवला.